एका भिंतीत ऐंशी मालक

आज दिजाँहून बस पकडून फ्रान्सच्या बर्गंडी या वाइनच्या प्रांतातल्या वूजोला गेलो. द्राक्षवेली जेमतेम कमरेइतक्या! नाशिकचे द्राक्षांचे मांडव बघत वाढलेल्या माणसाला ही बोन्सायच वाटणार.

क्लो द वूजो म्हणजे दगडी भिंतीच्या आतला सुमारे ५० हेक्टरांचा मळा. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी १२व्या शतकापासून तुकडा तुकडा जोडत तो उभा केला, १३३६ च्या सुमारास भिंत पुरी झाली. राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त झाल्या, तसा हाही साधूंच्या हातून गेला. पण मळा एकसंधच राहिला. १८८९ मध्ये विकला गेला तेव्हा मात्र फुटला, आणि नंतर वाटण्या होतच राहिल्या. आज आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. काहींच्या वाट्याला मोजक्या ओळी. सातबारा आठवला की नाही?

आणि सगळ्यांच्या बाटलीवर लेबल मात्र एकच, ग्राँ क्रू, म्हणजे बर्गंडीतला सर्वात वरचा दर्जा. आता हे बघा: वरच्या बाजूला मळ्यातल्या जुन्या गढीजवळ चुनखडीची खडकाळ जमीन, पाणी लगेच झिरपतं. खाली रस्त्यालगत चिकणमाती. भिंतीकडेने वरून खाली चालत आलो तर बुटाला अर्धा किलो चिखल चिकटला. म्हणून इथले जाणकार आधी उत्पादकाचं नाव बघतात, मळ्याचं नंतर.

गढीत साधूंच्या काळातले द्राक्षं पिळायचे लाकडी घाणे आहेत. एकेक तुळई अशी की वाड्याचं आढं व्हावं. मी तिथेच अर्धा तास रेंगाळलो.

ग्राँ क्रूची किंमत बघून बाटली हळूच परत ठेवली. गावाच्या नावाची साधी पिनो न्वार, म्हणजे त्या जातीच्या द्राक्षांची लाल वाइन, प्यायलो, तीही एकच ग्लास.