यादीतला शेरा : फक्त आवाज

बेळगावातल्या आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळाची पक्षीफेरी दर वर्षी नाताळच्या सुट्टीआधीच्या रविवारी निघत असे. पहाटे तीनला शाळेच्या फाटकासमोर बस उभी राहायची आणि खानापूर मागे पडून अनमोडचा घाट सुरू होईपर्यंत निम्मी मुले झोपलेली असायची. जागी असलेल्यांना मात्र खिडकीतून येणारी हवा बोचरी न राहता दमट लागू लागली, की गोवा आल्याचे कळायचे. मोले ओलांडून तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरापाशी आम्ही उजाडायच्या सुमारास उतरत असू.

भूगोलाच्या पुस्तकातल्या सदाहरित वनांना आम्ही ॲमेझॉनच्या काठी ठेवून दिले होते. तसेच जंगल आपल्या गावापासून काही तासांवर, भगवान महावीर अभयारण्याच्या 240 चौरस किलोमीटरांत, निमसदाहरित रानाला लागून उभे आहे, हे पहिल्या फेरीत पाहिल्यावर पुस्तकाचा थोडा रागच आला होता.

वाट दाखवायला जवळच्या वाड्यावरचे एक काका येत. निघण्यापूर्वी ते एवढेच म्हणत, ‘‘ओगी रावात.’’ या दोन कोकणी शब्दांपुढे सरांचे दहा मिनिटांचे भाषण फिके पडे. त्यांच्यामागे एका रांगेत चालताना पहिला अर्धा तास पक्षी म्हणून काही दिसतच नसे. माळावर पक्षी आधी दिसतो आणि मग ओरडतो. इथे वर पानांचे छत, खाली अंधूक उजेड आणि चहूबाजूंनी आवाज. कुर्टुकाची न थकणारी टुकटुक चाललेली असायची, आणि भृंगराज इतरांच्या नकला इतक्या बेमालूम करायचा, की आम्ही उत्साहाने वहीत लिहिलेले चार पक्षी काका हसत हसत खोडायला लावत.

बेडूकतोंड्याची जोडी आम्ही पहिल्यांदा पाहिली तो प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो. वाटेपासून फार तर दहा हातांवर, वेताच्या जाळीत, छातीइतक्या उंचीवर दोन वाळकी पाने अडकलेली होती. काका बोट न उचलता नुसत्या नजरेने तिकडे खुणावत होते आणि आम्ही तीस जण त्या पानांच्या आजूबाजूला पक्षी शोधत होतो. मग त्यांतल्या एका पानाने डोळ्याची बारीक फट उघडून पुन्हा मिटली. करडा नर आणि तांबूस मादी अंगाला अंग चिकटवून बसली होती. रुंद चोचीभोवतीच्या राठ मिशा दुर्बिणीतून मोजता आल्या असत्या, पण दुर्बिणी सगळ्या मंडळात मिळून दोनच होत्या आणि माझी पाळी येण्याआधी काकांनी सगळ्यांना मागे वळवले. दिवसा झोपणाऱ्या पक्ष्याला एका वेळी इतके डोळे पुरेत, असे त्यांचे मत होते. तेव्हा ते मला मुळीच पटले नव्हते.

धनेश मात्र लपत नसे. पंखांचा घरघराट डोक्यावरून गेला, की बाई सांगत, की ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेते, फटीएवढेच तोंड ठेवते आणि नर वडा-उंबराची फळे आणून तिला भरवतो. ‘‘आणि नर आलाच नाही तर?’’ हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारायचेच.

दहाच्या सुमारास मंदिराबाहेर दशम्या आणि शेंगाचटणीचे डबे उघडत आणि यादीवाचन सुरू होई. मला विचाराल तर फेरीपेक्षा हाच सोहळा मोठा. किमान दोघांनी पाहिलेला पक्षीच यादीत जाई. गोव्याचा राज्यपक्षी असलेला तांबड्या गळ्याचा बुलबुल बिनविरोध मंजूर होई, पण कर्ण्यावरून हमखास जुंपे. या पक्ष्याच्या नराचे पोट लालभडक, पण तो निश्चल बसतो आणि बहुधा आपल्याकडे तपकिरी पाठ करून बसतो, त्यामुळे पाहिल्याचा दावा करणाऱ्याला पोटाचा रंग विचारला की त्याची बोलती बंद व्हायची.

मंडळाचे जुने रजिस्टर गेल्या वर्षी शाळेत चाळायला मिळाले. आठवी ते दहावी, सलग तीन वर्षे, माझ्याच अक्षरात कर्ण्यापुढे ‘‘फक्त आवाज’’ असा शेरा आहे. त्याच डिसेंबरात मुलांबरोबर पुन्हा गेलो. काकांच्या जागी आता त्यांचा मुलगा पुढे चालतो. वेताच्या वळणावर तो थांबला, आम्ही थांबलो, उजवीकडून हलकी, घोगरी हाक चार वेळा आली आणि थांबली. पुष्कळ वेळ उभे राहूनही काही हलले नाही. यादीवाचनात सातवीतल्या एका मुलीने कर्ण्यापुढे काय लिहायचे, असे विचारले, तेव्हा मी तिला पेन दिले आणि शेरा सांगितला.