जंगलाच्या पहिल्या पंधरा वर्षांचा खर्च कुणी करायचा?

राष्ट्रीय वनीकरणात पैसा सरकारी हवा की खासगी, हा वाद सहसा तत्त्वावर रंगतो. झाडाचं वय आणि व्याज यांचा हिशोब मांडला की त्यातला बराच वाद मिटतो. झाड ५० वर्षांनी तोडायचं असेल आणि वर्षाला ६ टक्के परतावा हवा असेल, तर लागवडीवरचा खर्च तोडीच्या वेळी १८ पटीहून अधिक होऊन हाती यायला हवा. ३ टक्क्यांवर समाधान मानलं तर साडेचार पटीच्या आत भागतं. त्यामुळे खासगी पैसा लवकर वाढणाऱ्या झाडांकडे वळतो, नाहीतर मध्यम वयाचं तयार जंगल विकत घेतो. अमेरिकेतले अनेक वनगुंतवणूक निधी १० ते १५ वर्षांच्या मुदतीचे असतात, म्हणजे रोप लावून तोडीपर्यंत थांबणं त्यांना शक्यच नाही. यात त्यांचा दोष नाही, पण धोरण आखणाऱ्याने हे आधीच धरून चालावं.

सुरुवातीची वर्षं मग सरकारकडे येतात. पण सरकारी पैशाची मुदत बहुधा एकाच आर्थिक वर्षाची असते, आणि घोळ तिथेच होतो. रोपं वर्षभर आधी वाफ्यात धरावी लागतात. मंजुरी लांबली की ती पिशवीतच वाढत राहतात आणि मुळं तळाशी गोल गुंडाळली जातात. तशीच लावली तर दोन-तीन वर्षं झाड ठणठणीत दिसतं, पुढे मोठ्या वाऱ्यात मुळासकट कलंडतं. मुळांची वेटोळी लावताना चिरून सोडवता येतात, पण पुढच्या निंदणीची आणि नांग्या भरण्याची, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याची, तरतूद नसेल तर त्याचाही उपयोग नाही. लागवडीचा पैसा पाच वर्षांसाठी एकदाच बांधून ठेवला पाहिजे. सरकारी वनीकरणातली ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे, असं माझं ठाम मत आहे.

अनुदान खासगी मालकाला द्यायचं असेल तर ते लावलेल्या रोपांवर नको, जगलेल्या रोपांवर द्यावं. लागवडीला ३० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, पाचव्या वर्षी उरलेलं. मोजणी सोपी आहे: ५.६४ मीटर दोरीने वर्तुळ आखलं की १०० चौरस मीटर होतात. २ बाय २ मीटरवर, म्हणजे हेक्टरी २,५०० रोपं असतील, तर वर्तुळात २५ हवीत. २० जगली तर ८० टक्के. वर्तुळं नकाशावर आधीच ठरवावीत, नाहीतर सगळी रस्त्याकडेची निघतात.

पहिली विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढून बाकीच्यांना जागा करून देणं, हा असाच दुर्लक्षित खर्च. बारीक वासे विकून बाहेर काढण्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून मालक ती टाळतो. मग झाडं दाटीत उंच आणि किडकिडीत होतात. १६ मीटर उंचीचं सूचिपर्णी झाड छातीच्या उंचीवर १६ सेंटिमीटर व्यासाचंच असेल, तर वादळात ते टिकेल याचा भरवसा नाही; उंची व्यासाच्या ८० पटीच्या आत असलेली बरी. इथे थोडं सरकारी अनुदान पुढच्या सगळ्या खासगी उत्पन्नाचं रक्षण करतं.

नुसतं अनुदान देऊन अटी ढिल्या ठेवल्या तर काय होतं? चिलीने १९७४च्या ७०१ क्रमांकाच्या हुकूमनाम्याने लागवडीचा ७५ टक्के खर्च उचलला. पाईन-निलगिरीचं क्षेत्र झपाट्याने वाढलं, आणि काही ठिकाणी त्यासाठी मूळचं जंगलच हटलं. न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावर १९८८च्या बोला चक्रीवादळात डोंगर खचले. ते धरून ठेवायला १९९२पासून सरकारी मदतीने तिथे झाडं लावली गेली, बहुतेक रेडिआटा पाईन. त्याची तोड २५ ते ३० वर्षांत येते, आणि सरसकट तोडीनंतर जुनी मुळं कुजून नवी धरेपर्यंत काही वर्षं उतार उघडा पडतो. जून २०१८मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या टोलागा बे इथे आणि फेब्रुवारी २०२३च्या गॅब्रिएल वादळात फांद्या-ओंडके पाण्याबरोबर शेतांत, पुलांवर, किनाऱ्यावर येऊन पडले. लागवडीला पैसा मिळाला होता. तोडीवरची बंधनं मात्र त्या उतारांना पुरली नाहीत.

स्वीडनने १९०३मध्येच तोडीनंतर जंगल पुन्हा उभं करणं मालकांना कायद्याने बांधील केलं. त्याच्या जोडीला अनामत हवी: तोडीचा परवाना देतानाच पुनर्लागवडीच्या खर्चाइतकी रक्कम ठेवून घ्यावी आणि नवी रोपं पाचव्या वर्षीच्या मोजणीत उतरल्यावरच परत करावी. तीव्र उतार मात्र तोडीच्या आराखड्यातून पहिल्याच दिवशी वगळावेत. तिथलं जंगल पाणी आणि माती धरतं, त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, तेव्हा त्याचा खर्च कायमचा सरकारचाच.