हो, दाखवायलाच

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते. "एवढं सगळं कशाला केलंस गाडीला? कुणाला दाखवायचंय?" हे आत्या विचारते, पशुखाद्याच्या पोत्यांवर बसलेले दूधवाले विचारतात, कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खाताना अनोळखी माणसं विचारतात. 2025 च्या नोव्हेंबरात हरियाणाचे पोलीस महासंचालक थार आणि बुलेटवाल्यांना बदमाश ठरवून जे काही बोलले, त्यानंतर तर विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मिश्कील हसूही आलं. पंपावरचा पोरगा मात्र वेगळं विचारतो: "मॅडम, साहेबांची काय गाडी?"

गाडी माझी आहे, महिंद्राची जीपसारखी थार. साहेब कुणी नाहीत. आणि हो, दाखवायलाच आहे.

आधी असं उत्तर द्यायची माझी हिंमत नव्हती. मी सांगायचे, पशुखाद्याच्या एजन्सीचं काम गगनबावड्याच्या बाजूला आहे, पाऊस कसला असतो तिकडं, वाड्यावस्त्यांवर जायचं तर फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांनी ओढणारी गाडी, लागतेच. लोक मान हलवायचे. त्याच वस्त्यांवर मी आधी कितीतरी पावसाळे जुन्या अल्टोनं गेले होते, हे त्यांना माहीत नव्हतं. जिथं अल्टो थांबायची तिथून पुढं चालत जायचे, आणि दूध घालायला येणारी माणसं तर रोजच चालत यायची. आता थारचा गिअरशेजारचा छोटा दांडा वर्षातले बहुतेक दिवस टू-एचवरच असतो. म्हणजे इंजिनाची ताकद नुसत्या मागच्या चाकांना, साध्या जीपसारखी. पुढची चाकं लागतात ती जुलै-ऑगस्टात, एखाद्या पाणंदीत.

आणि कंपनीला हे माझ्याआधी कळलेलं होतं. 2020 च्या 2 ऑक्टोबरला नवी थार बाजारात आली ती फक्त फोर बाय फोर. 2023 च्या जानेवारीत त्यांनी नुसत्या मागच्या चाकांची स्वस्त थार काढली. दिसायला तीच, चिखलात जायची सोय वजा. लोकांनी ती घेतली, आवडीनं घेतली. म्हणून सांगते, खोटं मी एकटीच बोलत नव्हते.

तरी ज्यांना चिखलाचा अभिमान आहे ते माझ्यासारख्यांना नाकं मुरडतात. "तुमची मॉलची थार," म्हणतात. त्यांच्या गाडीवरचा चिखल चार दिवस धुतलेला नसतो, तो का धुतलेला नसतो ते त्यांनी सांगावं.

केलं काय काय, ते तुम्ही बघितलंयच. टायर मोठे घातले. कंपनीचे 255/65 आर 18 होते, त्यांना काही झालं नव्हतं. मोठ्या टायरनं गाडी उंच दिसते, ॲव्हरेज पडतं, ब्रेक लागायला जास्त जागा लागते आणि काट्यावर साठ दिसतं तेव्हा गाडी प्रत्यक्षात साठाच्या पुढं असते. जाड नक्षीच्या एमटी, म्हणजे चिखलासाठीच्या टायरचा हायवेवर असा घूं आवाज येतो की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. हे मला घालायच्या आधी माहीत होतं. स्नॉर्कलबद्दल तर विचारूच नका. ती नळी इंजिनाला वरून हवा घेण्यासाठी असते, म्हणजे पाण्यातून जाताना इंजिन पाणी ओढत नाही. माझी नळी एअर फिल्टरला जोडलेलीच नव्हती, नुसती दोन स्क्रूंवर चिकटवलेली. बाजारात अशा डमी मिळतात, माझ्यासारख्यांसाठीच. ज्या वर्षी पंचगंगा चढली, त्या वर्षी गल्लीतल्या एकानं हाक मारली, "ताई, तुझ्या गाडीला नळी हाय न्हवं, पलीकडं सोड की." त्याला काय सांगणार? कंपनीच्या मते थार 650 मिलिमीटर पाण्यातून जाते, म्हणजे जेमतेम मांडीएवढ्या. पलीकडं त्याहून खोल होतं. गेले नाही. पुढच्या आठवड्यात नळी काढून टाकली.

बंपर मात्र खरा आहे. तो शिवाजी उद्यमनगरात करून घेतला. उद्यमनगरात गेलात तर कळेल, तिथं कुणी कॅटलॉग दाखवत नाही. मिस्त्रीनं गाडीपुढं उकिडवं बसून फरशीवर खडूनं कोन काढला, पत्रा कापून नुसते टाके मारले, दोन पोरांना तो धरून उभं केलं आणि स्वतः रस्त्यापलीकडं जाऊन बघितलं. परत आला, एक टाका ग्राइंडरनं उडवला, कोन बोटभर वर घेतला, परत पलीकडं गेला. चेसिसवर कुठं बोल्ट बसणार, टोइंगचा हूक कुठं, नंबर प्लेट झाकली जाते का, सगळं त्याच्या डोक्यात. असं काम मी कुठल्या शोरूममध्ये बघितलेलं नाही. सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, "मिस्टर येणार हायत काय बघायला? फायनल मारू?" मी म्हटलं, मार.

आता कायद्याचं. तुमच्यातल्या दोघातिघांनी मला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पाठवलंय, धन्यवाद. ते मला पाठ आहे. कंपनीनं मूळ दिलेले आणि आरसीवर नोंदलेले तपशील बदलतील असे फेरफार गाडीत करायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 2019 च्या जानेवारीत तेच म्हटलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दर फेरफारामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं ठरलं. पुढच्या लोखंडी गार्डाविरुद्ध केंद्राचं पत्र 2017 च्या डिसेंबरातलं. गार्ड मी काढला. तो असला की धडकेचा हिशेब बिघडतो, एअरबॅगच्या सेन्सरला गोंधळवू शकतो, आणि पुढं चालणारा माणूस असेल तर त्याचे पाय गेलेच. यावर माझ्याकडं वाद घालायला काही नाही. रंग बदलला तो आरसीवर चढवून घेतला. टपावरच्या दिव्यांना झाकणं घातलीत, कारण करूळ घाटात समोरून असा दिवा येतो तेव्हा मीही शिव्या देते. टायर आणि बंपर ठेवलेत. दंड भरलाय, पुन्हा भरीन. हे समर्थन नाही, माहिती आहे.

तर कुणाला दाखवायचंय? इथं मला बाबांचं सांगावं लागेल, आणि वरातीचंही.

बाबा वडाप, म्हणजे शेअरची प्रवासी जीप, चालवायचे, फुलेवाडी नाक्यापासून कळे, पुढं गगनबावड्याच्या दिशेनं. पहिली जीप जुनी फोर बाय फोर घेतली होती, आणि घेतल्या घेतल्या त्यांनी तिचा पुढच्या चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट काढून माळ्यावर टाकला. फिरता शाफ्ट डिझेल खातो, आणि वडापवाल्याला चारी चाकं ओढून काय करायचंय, माणसं कोंबायची असतात. पण त्याच जीपला त्यांनी काय काय लावलं होतं! आरशाला गोंडे, टपाला झालर, बॉनेटवर पितळी गरुड, मागं जोतिबाचं चित्र आणि खाली आई-वडिलांचा आशीर्वाद. हॉर्न असा की कळ्यातल्या बायका हॉर्न ऐकूनच भाजीच्या पाट्या उचलायच्या. त्यांना कुणी विचारलं नाही कुणाला दाखवायचंय म्हणून. पोटाची गाडी होती, पोटाच्या गाडीचा थाट माफ असतो.

माझ्या चुलतभावाचं लग्न गावात होतं. काकांनी महिनाभर आधी फोन केला, "तुझी ती जीप वरातीला पाहिजे." तेव्हा गाडीला नुसते मोठे टायर होते आणि साधा काळा रंग. माझी सॉफ्ट टॉपची, टप काढला की नवरा-नवरी आत उभी राहू शकतात. मी स्वतः धुतली, टायरना पॉलिश मारलं, झेंडूच्या माळा आरशाच्या काचेवर येणार नाहीत अशा बांधून घेतल्या. काठपदराची साडी नेसले ती सुद्धा क्लच दाबताना पायात येणार नाही अशी चापून. म्हणजे मी चालवणार हे मी धरूनच चालले होते, विचारलं कुणालाच नव्हतं.

हलगी सुरू झाली आणि काका जवळ आले. "किल्ली दादाकडं दे. तिकडची माणसं आल्यात, पोरगी वरातीची गाडी चालवतीया हे बरं दिसत न्हाई." रागावून नाही, अगदी मायेनं म्हणाले, पाठीवर हात ठेवून. दादा म्हणजे थोरला चुलतभाऊ. मी किल्ली दिली. भर मांडवात, हलगी वाजत असताना, नवरी उभी असताना काय करतात ते तुम्हीच सांगा मला. मी तेव्हापासून निरनिराळी उत्तरं तयार केलीत, सगळी घरी बसून सुचलेली.

मी मागं बायकांत चालत होते. मारुतीच्या देवळापुढं काँक्रीटचा चौक आहे, तिथं पोरांनी गाडीला गराडा घातला, "हलवून दाव, हलवून दाव." दादानं काय केलं असेल ते मला आवाजावरून कळलं. त्यानं छोटा दांडा फोर-एलला, म्हणजे चारी चाकं जोरात पण हळू ओढणाऱ्या लो गिअरला टाकला, स्टेअरिंग पूर्ण कापलं आणि क्लच सोडला. चिखलात हे चालतं, चाक थोडं घसरून मोकळं होतं. कोरड्या काँक्रीटवर घसरायला जागाच नसते. वळताना पुढच्या चाकांना जास्त लांबचा फेरा पडतो, मागच्यांना कमी, आणि मधे फरक सोसायला या गाडीत डिफरन्शियल नाही. सगळा पीळ शाफ्टांत साठतो. गाडी अडखळून उड्या मारायला लागली. पोरांना वाटलं गाडी नाचतीय. शिट्ट्या पडल्या, नवरी एका हातानं बार आणि दुसऱ्या हातानं मुंडावळ्या धरून उभी. आणि खालून कट्, कट् असा आवाज, प्रत्येक उडीला.

बाबा पारावर बसले होते. ते उठले आणि बॉनेटवर हाताचा तळवा आपटला. "आरं पक्क्यावर लो घालत्यात व्हय? उतर खाली." दादा उतरला. बाबा चढले. दांडा निघेना, पीळ बसला होता. त्यांनी स्टेअरिंग सरळ केलं, गाडी हळूच दोन-तीन हात मागं घेतली, पीळ सुटला, दांडा खटकन टू-एचला आला. ती जुनी सवय, शाफ्ट माळ्यावर टाकल्याला इतकी वर्षं झाली तरी हातात होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "वडापवाला शेवटी वडापवाला!" पुढची वरात बाबांनीच नेली, ऐटीत, एक कोपर बाहेर काढून. ते खूश दिसत होते. मी बायकांत चालत राहिले.

गाडीखाली जाऊन दुसऱ्या दिवशी मी बघितलं. पुढच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, गेला होता. तो बदलला, विषय संपला. खर्चाचं दुःख मी कधी केलेलं नाही. मला आजही जे टोचतं ते सांगायला जरा लाज वाटते: त्या चौकात अख्खं गाव माझ्या गाडीकडं बघत होतं, आणि ती माझी आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दादाची वाटली, मग बाबांची वाटली. नवरीकडच्या एका बाई मला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी छान ठेवलीया हो गाडी."

बाबांनी मला हाक मारायला हवी होती का? माझ्यातली एक म्हणते, अर्थात. दुसरी म्हणते, तूच का पुढं झाली नाहीस, उलट्या गिअरवर पीळ सोडायचा तुलाही येत होता. बाबांशी मी यावर बोललेले नाही. त्यांनी एकदा क्रॉस कुठल्या दुकानातून घेतला एवढं विचारलं.

टायर सोडले तर तुम्ही जे काही बघता ते सगळं त्या वरातीनंतरचं आहे. रंग, बंपर, दिवे, ती खोटी नळी, सगळं. मला वाटलं होतं की गाडी इतकी वेगळी दिसू दे की ती कुणाची, हे रस्त्यावर प्रत्येकाला ठाऊक होईल. झालं उलटंच. जितकी गाडी दांडगी दिसते, तितकी ती लोकांना कुणा बाप्याची वाटते. साध्या काळ्या गाडीतून उतरायचे तेव्हा निदान कधीमधी कुणी विचारायचं, "तुम्हीच चालवता?" आता थेट साहेबांची चौकशी. हे मला कळत नाही असं नाही. मग थांबत का नाही, हे तुम्ही विचाराल, आणि त्याचं माझ्याकडं उत्तर नाही. संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारते, एखादं पोरगं आईचा हात ओढून बोट दाखवतं, आणि मला बरं वाटतं. एवढंच आहे.

धाकट्या चुलतभावाचं ठरलंय. काकांचा परत फोन आला होता, गाडी पाहिजे म्हणून. मी म्हटलं, देते की, पण ड्रायव्हर गाडीबरोबरच येईल, आणि ड्रायव्हर साडीत असेल. ते म्हणाले, बघतो, घरात बोलून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. मुहूर्त मार्गशीर्षातला आहे. पुढचे दिवे बदलायचे आहेत, ते तोवर होतील.