अंदमानात भरती-ओहोटी विचारून निघा

अंदमानला जाताना मुंबई-पुण्याच्या सवयी सोबत नेल्या की पहिल्याच दिवशी फसगत होते. घड्याळातली वेळ तीच, पण ही बेटं मुंबईच्या जवळपास 20 अंश पूर्वेला. अंशाला 4 मिनिटं धरा, म्हणजे सूर्य साधारण 80 मिनिटं आधी. डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतोच. हॅवलॉक बेटाच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा तर चारला तिथे हवं. ‘जेवून जरा लवंडू, साडेपाचला निघू’ म्हटलंत, तर अंधार बघून परत या.

नील बेटावरचा दगडी नैसर्गिक पूल फक्त ओहोटीला गाठता येतो. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा, पाणी चढायला लागलं की फिरा. ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्या मित्राची वेळ कामाची नाही. आदल्या रात्री हॉटेलात विचारा. वाट मेलेल्या प्रवाळाची, टोकदार आणि शेवाळलेली. स्लिपर निसटते आणि तळवा कापतो, म्हणून मागे पट्टा असलेले रबरी सँडल घाला. डबक्यात काळी, लांबुळकी समुद्रकाकडी दिसेल, तो जिवंत प्राणी आहे. ती हातात घेऊन फोटो नको, आणि जिवंत प्रवाळावर पाय तर नकोच.

बोट लागत असेल तर बोट सुटण्याच्या तासभर आधी उलटीची गोळी घ्या. हेलकावे सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. तिकिटावर श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप अशी नवी नावं दिसली तर गोंधळू नका: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नीलच ती. रोख पैसे जवळ असू द्या, नेटवर्क गेलं की यूपीआय बसतं.

तिवरांच्या खाडीजवळ मगरीची पाटी असेल तर पाण्यात उतरू नका, गुडघाभरसुद्धा नाही. किनाऱ्यावरचे शंख, प्रवाळाचे तुकडे तिथेच राहू द्या. विमानतळावर बॅगेतून काढून घेतात.

सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपाशी मराठी गटांची गर्दी असतेच. दर्शन झालं की बाजूला व्हा, मागच्यांनाही आत डोकावू द्या.

बाराटांग बेटाचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ताफ्यानेच सोडतात. तिथे थांबणं, खाऊ देणं, फोटो काढणं गुन्हा आहे. चालक ‘चालतं हो’ म्हणाला तरी फोन बॅगेतच ठेवा.