धूर आपला की पलीकडचा?

मार्च लागला की बेळगावच्या अनगोळात आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर सांडगे, कुरडया, पापड पडतात, आणि दोन-तीन दिवसांत शेजारच्या काकूंची हाक येतेच. "बघा की हो मॅडम, परत काळं बसलंय. हा धूर आपला की पलीकडचा?" काकूंचं पलीकडचं म्हणजे कोगनोळीच्या नाक्यापलीकडचं, महाराष्ट्रातलं, कागल-कोल्हापूरकडचं. हाच प्रश्न वर्गात मुलं विचारतात, तिसऱ्या गेटाजवळ फाटक पडल्यावर रिक्षावाले मामा विचारतात. चंदगडला लग्नाला गेले तर तिथं तो उलटा होऊन येतो: "तुमच्या बेळगावचा धूर आमच्याकडं येतो म्हणे, खरं काय?"

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं हवेतले जड धातू मोजते. शिसं, कॅडमियम, जस्त, निकेल. तुम्ही इतक्यांनी विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

आधी एक वाक्य बाजूला ठेवू या. पर्यावरण दिनाच्या प्रत्येक भाषणात कोणीतरी म्हणतंच, "वाऱ्याला कुठली आलीय सीमा?" टाळ्या पडतात. मला ते वाक्य आवडत नाही. त्यामुळे सगळेच सुटतात. धूर सगळ्यांचा झाला की तो कोणाचाच राहत नाही. खरं तर धुराला पत्ता असतो आणि तो शोधून काढता येतो. त्यासाठी काय लागतं तेच सांगायचं आहे.

माझे मामा उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीत मोल्डिंगला होते. संध्याकाळी घरी आले की आधी नाक शिंकरायचे, आणि रुमालावरचा काळा डाग बघून आजी गप्प व्हायची. त्या डागात वाळू, कोकची भुकटी, लोखंड होतं. कण जाड. असे कण भट्टीपासून फार लांब जात नाहीत, गल्ली-दोन गल्लीत खाली बसतात. काकूंच्या सांडग्यावर दिसतं ते बहुतेक हेच. म्हणजे डोळ्यांना दिसणारं काळं बव्हंशी आपलंच, इथलंच.

लांब जातं ते दिसत नाही. भट्टीत भंगार टाकतात, त्यात जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे असतात, जुना रंग असतो, कधी आणखी काहीबाही असतं. ओतकामाचं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास तापवतात. जस्त 907 अंशांना उकळतं, कॅडमियम 767 अंशांनाच. लोखंड नुसतं पातळ होतं तोवर हे दोघे वाफ होऊन निघून जातात. शिसं तेवढं उकळत नसलं तरी त्या आचेत त्याचीही बरीच वाफ होते. चिमणीतून बाहेर पडल्यावर ही वाफ गार होते आणि मायक्रोमीटरपेक्षाही बारीक कण बनतात. हे कण चटकन खाली बसत नाहीत. पाऊस आला नाही तर आठवडाभरसुद्धा हवेत राहतात, आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाणारेही हेच. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळणारे, तांब्यासाठी वायरी जाळणारे, कचऱ्याच्या ढिगाला काडी लावणारे, या सगळ्यांच्या धुरात हेच होतं. मुलांच्या रक्तातल्या शिशाला सुरक्षित म्हणावी अशी पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी ही मोजणी सोडत नाही ती त्यामुळे.

आता मोजतात कसं. गच्चीवर पंपाचं यंत्र ठेवायचं. ते मिनिटाला घनमीटरच्या वर हवा ओढतं आणि पांढऱ्या कागदातून गाळतं. चोवीस तासांत पंधराशे घनमीटरच्या आसपास हवा कागदातून जाते, म्हणजे एका माणसाच्या तीन-चार महिन्यांच्या श्वासाएवढी. जानेवारीतल्या रात्रीनंतर कागद काढला की त्यावर राखी रंगाचा चौकोन असतो, आणि कडेला जिथं चौकटीनं दाबून धरलेलं असतं तिथं कोरी पांढरी पट्टी. ती रेघ अजूनही मला दर वेळी थांबवते. अलीकडं काल सकाळचा कागद, पलीकडं आपण घेतलेला श्वास.

मग कागद कोरड्या काचपात्रात ठेवून वजन, त्याची पट्टी कापून नायट्रिक आम्लात उकळणं, गाळणं आणि शेवटी एएएस यंत्र, म्हणजे अणूंनी शोषलेला प्रकाश मोजणारं. त्यात प्रत्येक धातूचा वेगळा दिवा. शिशाच्या दिव्याचा 283.3 नॅनोमीटरचा प्रकाश शिशाचेच अणू शोषतात. किती प्रकाश कमी झाला त्यावरून किती शिसं ते कळतं. हिशेब नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात. इथं हात चुकला की सगळं संपलं. एका वर्षी आमचा कोरा कागदच शिसं दाखवायला लागला. हवा न ओढलेला, पाकिटातून काढलेला कागद! तीन आठवडे आम्ही आम्ल बदललं, भांडी बदलली, पाणी बदललं. शेवटी एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं की तराजूच्या खोलीतल्या खिडकीचा जुना हिरवा रंग पोपडे धरून गळतोय. पूर्वीच्या तैलरंगात शिसं असायचंच, 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत 90 भागांची, मर्यादा आपल्याकडं 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्या हंगामाचे सगळे आकडे मी फेकून दिले. रडू आलं होतं, खोटं का सांगू.

पण मोजणीवरून एवढंच कळतं की इथं किती आहे. कुठून आलं हे कागद सांगत नाही. त्यासाठी मॉडेल लागतं, आणि मॉडेल म्हटलं की लोक बिचकतात. ती हिशेबाची वही आहे. एका पानावर कुठली चिमणी, कुठला रस्ता, कुठली भट्टी किती धातू सोडते. दुसऱ्या पानावर तासातासाचा वारा, पाऊस, हवेचे थर. तिसऱ्यावर वाटेत किती खाली पडलं, पावसानं किती धुतलं. नकाशावर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत येणं-जाणं मांडत राहायचं. मग मोजलेल्या कागदाशी ताळा घ्यायचा. जमत नसेल तर बहुधा पहिल्या पानावर कोणीतरी काहीतरी लपवलेलं असतं.

युरोपनं ही वही सगळ्यांत आधी मांडली. 1960 च्या दशकाच्या शेवटी स्वीडनमधले लोक म्हणायला लागले की आमच्या तळ्यांत पडणारं आम्ल दुसऱ्यांच्या चिमण्यांतून येतंय. 1979 मध्ये जिनिव्हात सीमापार हवेच्या प्रदूषणाबद्दल करार झाला, आणि त्यावर अमेरिका, सोव्हिएत संघ, पूर्व आणि पश्चिम युरोप, सगळ्यांनी सह्या केल्या. ते शीतयुद्धाचे दिवस होते. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेले देश आपापल्या चिमण्यांचा हिशेब एका ठिकाणी द्यायला तयार झाले! एमेप नावाच्या त्या कार्यक्रमात मोजणीच्या पद्धती आणि ताळा नॉर्वेतल्या संस्थेकडं होता, मॉडेलचं एक केंद्र ऑस्लोत आणि दुसरं मॉस्कोत. जड धातूंची गणितं पुढं मॉस्कोच्या केंद्रात झाली. 1998 मध्ये डेन्मार्कच्या ऑर्हूसला शिसं, कॅडमियम आणि पारा या तिघांसाठी वेगळा उपकरार झाला आणि 2003 च्या शेवटी तो लागू झाला.

त्यांच्या अहवालात एक तक्ता असतो, तो मला फार मोलाचा वाटतो. उभ्या रांगेत धूर सोडणारे देश, आडव्या रांगेत झेलणारे. कोणाचं किती कोणाच्या शेतात पडलं ते एका पानावर. एक देश एका रांगेत फिर्यादी, दुसऱ्या रांगेत आरोपी. लहान देशांत पुष्कळदा बाहेरून आलेलं जास्त भरतं, आणि शिवाय एक रकाना कोणाच्याच नावावर नसतो. जुन्या काळी मातीत पडलेलं शिसं वाऱ्यानं धुळीबरोबर पुन्हा उडतं, ते त्यात धरतात. धातू नासत नाही ना. शिसंयुक्त पेट्रोल आपल्याकडं 2000 मध्ये बंद झालं, पण तोवर रस्त्याकडेला पडलेलं शिसं कुठं गेलं असेल? ग्रीनलंडच्या बर्फात रोमन लोकांच्या शिशाच्या भट्ट्यांचा माग अजून सापडतो, तिथं आपल्या पुणे-बंगळूर रस्त्याची धूळ काय विसरणार आहे.

पाऱ्याचं आणखी वेगळं. तो वायुरूपात महिनोन्महिने हवेत राहतो आणि पृथ्वीला फेरा घालतो. आपल्या अंगणातला पारा कोळसा जाळणाऱ्या कुठल्याही देशाचा असू शकतो. म्हणून त्याला जगाचा करार लागला, मिनामाताचा, 2013 चा. भारतानं तो 2018 मध्ये मान्य केला.

युरोपातली एक साधी पद्धत मात्र मला खानापूरच्या माहेरची आठवण करून देते. तिथं 1990 पासून दर पाच वर्षांनी शेवाळ गोळा करून त्यातले धातू मोजतात. मखमलीसारखं हिरवं, जमिनीवरचं शेवाळ. त्याला खरी मुळं नसतात, जे मिळतं ते पावसातून आणि धुळीतून, म्हणून हवेतलं शिसं ते साठवत जातं. गोळा करताना मोठ्या रस्त्यापासून आणि वस्तीपासून 300 मीटर लांब जायचं, झाडाच्या छत्राखालचं घ्यायचं नाही. आमच्या परसात चिऱ्याच्या गडग्यावर जुलैत असंच शेवाळ चढतं आणि नाताळापर्यंत करपून तपकिरी होतं. लहानपणी आम्ही ते खरवडून मातीच्या गणपतीपुढं हिरवळ करायचो. पावसाळाभर हवेनं काय आणून टाकलं ते त्या हिरवळीत होतं, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं.

आता आपलं बघू. कोल्हापूर इथून सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर, उत्तरेला आणि जरा पश्चिमेकडं. फेब्रुवारी सरला की वारा वायव्येकडून यायला लागतो. सेकंदाला चार मीटरचा, अंगाला छान वाटणारा वारा असला तरी तासाला चौदा किलोमीटर होतात. रात्री आपण अंथरूण घालताना शिरोली-कागलवर असलेली हवा सकाळच्या चहाला बेळगावात. कागलहून निपाणीला तर दोन तासही नकोत. त्या दिवसांत पलीकडचं आपल्याकडं येतं, आणि त्यात बारीक कणच जास्त.

थंडीत उलटं. वारा पूर्वेकडचा, म्हणून आपलं चंदगडाकडं, घाट उतरून सिंधुदुर्गाकडं आणि गोव्याकडं. चंदगडच्या पाहुण्यांचं म्हणणं त्या महिन्यांपुरतं बरोबर आहे, आणि मी त्यांना तसं सांगते. मात्र थंडीतल्या पहाटे वारा पडतो, गार हवा खाली बसते आणि वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकण घालते. तेव्हा उद्यमबागेवर जो निळसर थर लोंबकळतो तो आपला, शंभर टक्के. त्याला कोल्हापूर जबाबदार नाही. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो आणि कणकुंबी-जांबोटीचा पाऊस सगळं धुऊन जमिनीत आणि ओढ्यात नेतो. अथणीकडं पाऊस कमी, तिथं ते कोरडंच धुळीबरोबर बसतं, उसावर, कडब्यावर.

तेव्हा काकू, मार्चातला तुमच्या सांडग्यावरचा काळा कण आपला, आणि त्याच दिवशी न दिसता नाकात गेलेलं बहुधा थोडं आपलं, थोडं पलीकडचं. थोडं म्हणजे किती, ते सांगायला दोन्हीकडचं पहिलं पान लागतं. आपल्याकडं प्रदूषण नियंत्रण मंडळं दोन, एक महाराष्ट्राचं, एक कर्नाटकाचं, आणि दोघांची हद्द राज्याच्या हद्दीला संपते. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत उत्तरेला कोल्हापूर आणि सांगली, दक्षिणेला हुबळी-धारवाड आली, मधलं बेळगाव त्या यादीत आलं नाही. हवेच्या राष्ट्रीय मानकांत शिसं, आर्सेनिक, निकेल आहेत. शिशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला 0.5 मायक्रोग्रॅम. कॅडमियम त्यात नाहीच, आणि भंगार वितळवणाऱ्या पट्ट्यात तेच आधी मोजायला हवं होतं. ऑर्हूसच्याच वर्षी, 1998 मध्ये, दक्षिण आशियातल्या देशांनीही मालदीवच्या मालेला सीमापार हवेबद्दल जाहीरनामा केला. त्यात सहकार्याचं बोलणं होतं, तिघा धातूंची बांधिलकी नव्हती.

म्हणून आम्ही दोघींनी आमच्यापुरतं सुरू केलंय. माझी जुनी वर्गमैत्रीण कोल्हापूरकडं शिकवते. फेब्रुवारी-मार्चात ठरलेल्या तारखांना ती तिच्या गच्चीवर आणि मी माझ्या गच्चीवर एकाच वेळी पंप लावतो. कागद एकाच पेटीतले, कोरे कागद दोन्हीकडं. तिचे कागद माझ्याकडं येतात आणि सगळे एकाच दिवशी, एकाच दिव्यापुढं मोजले जातात. यंत्राचा फरक मध्ये यायला नको.

मागं एकदा तिनं पाकीट एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडं दिलं आणि नेमका त्याच दिवशी सीमाप्रश्न तापला, दोन्हीकडच्या बस बंद. फोनवर ती काळजीत. "आता खराब होतील का गं कागद?" मी म्हटलं, शिसं आहे ते, कुठं जातंय. पाचव्या दिवशी बस सुरू झाल्या, मी स्टँडवर जाऊन पाकीट घेतलं. आतल्या बटर पेपरच्या घड्यांवर तिच्या अक्षरात तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली होती. सगळ्यांवर वायव्य.