बुक भारी लागे

जॅक्सन हाइट्सच्या डायव्हर्सिटी प्लाझात शनिवारी आमचा बीपी कॅम्प होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला हा भाग म्हणजे एकाच रांगेत बांगला, स्पॅनिश, नेपाळी, तिबेटी, उर्दू, आणि टेबलामागे मी नर्स, मूळची रत्नागिरीची, कामचलाऊ हिंदीवाली. पत्रकं पाच भाषांत होती पण "मीठ कमी करा"च्या खाली फोटो बेकन आणि डब्यातल्या सूपचे. निम्मी रांग बेकनला शिवत नाही. शुटकीचं, म्हणजे आपल्या सुक्या मासळीचं, नावच नाही!

दुपारी एक बांगलादेशी बाई आल्या, पन्नाशीच्या, सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. बीपी १६८/९६. छातीत दुखतं का विचारलं, मुलीने आईला विचारलं, आई बरंच काही बोलली, बोलताना हात छातीवरून जबड्यापर्यंत नेला, आणि मुलगी म्हणते, "नो, जस्ट गॅस." एवढ्या बोलण्याचे तीन शब्द? पण मधलं एक मी पकडलं होतं, "बुक भारी लागे". बुक म्हणजे छाती हे इथे राहून माहीत झालंय आणि भारी तर आपलंच की. (हल्लीचं झकासवालं भारी नव्हे, जड या अर्थाचं.)

खरं तर लहान मुलांना दुभाषी करायचंच नसतं, इमर्जन्सी सोडून, तसा इथे फेडरल नियमच आहे. पण रांग मोठी होती आणि मीही मुलीलाच विचारून मोकळी झाले होते, ती चूक माझी. मग फोनवर बांगला दुभाषी घेतली. कळलं ते असं: महिनाभर सेव्हन ट्रेनचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, जिना चढताना छाती जड होते, थांबलं की बरं वाटतं. आज मात्र बसून वीस मिनिटं झाली तरी जात नव्हतं, आणि कपाळावर घाम, ऑक्टोबरच्या थंडीत. दुखत नाही हे त्या खरंच सांगत होत्या, जड वाटत होतं ना, दुखत कुठे होतं.

९११, म्हणजे इथला अँब्युलन्सचा नंबर, म्हटल्यावर आपा (ताई) उठून चालायलाच लागल्या, बिल कोण भरणार. इमर्जन्सीत पैसे नसले तरी हॉस्पिटलला तपासावंच लागतं, १९८६चा कायदा आहे, हे दुभाषीकडून दोनदा सांगितलं तेव्हा कुठे बसल्या. नवरा टॅक्सीवर, फोन उचलेना. हार्ट अटॅकच निघाला, रात्री स्टेंट पडला.

सोमवारी ऑफिसात म्हटलं बांगला पत्रकात "छातीत दुखणे"च्या शेजारी "बुक भारी लागे" हे तीन शब्द टाका. मंजुरीला तीन महिने लागतील म्हणाले. तोवर मी बांगला शेजारणीकडून अक्षरं गिरवून घेतली आणि गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रकावर पेनाने लिहितेय. अक्षर वाईट आहे पण लोक वाचतात.