नर्सचा कोड वेगळा असतो

मे २०२४ मध्ये सांगलीतल्या एका कन्सल्टन्सीत यूकेचं ऑफर लेटर हातात पडलं. त्यावर नाव तेवढं माझं होतं. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, मिरजेत आठ वर्षं आयसीयू केलेली. कागदावर मात्र ‘केअर असिस्टंट’, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारी, कोड ६१३५, वर्षाला २३,२०० पौंड. तिथले सर म्हणाले, “हुद्दा काय बघताय मॅडम, एकदा पोचा. तिकडं गेल्यावर नर्सचं करून घेता येतं.” स्पॉन्सरशिपचे, म्हणजे व्हिसासाठी तिकडच्या मालकाने घ्यायच्या हमीचे, नऊ लाख, तीन हप्त्यांत. पहिला हप्ता शुक्रवारपर्यंत.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. नऊ लाख म्हणजे बेदाणा विकायचा आणि सोसायटीचं कर्ज अजून वाढवायचं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माल आपला, आणि वर पैसे पण आपणच द्यायचे? असला सौदा मी चाळीस वर्षांत बघितला नाही.” व्यापारी माल उचलून पळाल्याचं आमच्या भागात कुणाला नवीन नाही, पण तोसुद्धा आधी पैसे मागत नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा नियम स्वतः वाचायला बसले. इंग्रजी सरकारी भाषा, डोकं उठतं. पण तीन गोष्टी कळल्या.

पहिली कोडची. व्हिसासाठी प्रत्येक कामाला एक कोड असतो. ६१३५ म्हणजे केअर वर्कर. नर्सचे कोड २२३१ पासून पुढं. व्हिसा त्या कोडला चिकटलेला असतो, त्यामुळे तिथं गेल्यावर सहज बदलता येत नाही. नवं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट लागतं, नवा अर्ज लागतो. दुसरी पगाराची. सर “महिन्याला तीन लाख” म्हणत होते ते ओव्हरटाइम धरून. नियमात ओव्हरटाइम धरतच नाहीत. आठवड्याला ३७.५ तासांनी भागलं की २३,२०० म्हणजे तासाला ११.९० पौंड, तेही कर कापायच्या आधी. एप्रिल २०२४ पासूनची ती किमान रक्कमच होती, म्हणजे मालक व्हिसाच्या नियमाने जेवढं द्यावंच लागतं तेवढंच देत होता. आणि तिसरी गोष्ट, जिच्यापुढं बाकीच्या दोन्ही फिक्या: ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करला नवरा-मुलांना सोबत नेता येत नाही. माझी पोरगी तेव्हा चार वर्षांची होती. सरांना विचारलं तर म्हणाले, “ते नंतर बघू.”

ई-मायग्रेट या आपल्या सरकारच्या वेबसाइटवर परवानाधारक एजंटांची यादी असते, तिच्यात त्या कन्सल्टन्सीचं नाव नव्हतं. परवाना असलेल्या एजंटालाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, हेही तिथंच समजलं. आरोग्य खात्यातल्या भरतीसाठी तर यूकेची आचारसंहिता उमेदवाराकडून छदामही घेऊ देत नाही. शुक्रवारी मी गेलेच नाही. पुढचे पंधरा दिवस फोन येत राहिले, मग थांबले. माझ्या बॅचची एकजण मात्र गेली. तिच्याविषयी लिहायचा मला हक्क नाही.

नर्स म्हणून जायचं तर वाट लांब. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत प्रत्येकी ७, लेखनात ६.५. पहिल्यांदा लेखनात ६ वर अडकले. शहरातली गर्दी यावर अडीचशे शब्द लिहायचे होते, आणि मी तर नाइट ड्युटीत फक्त नर्सेस नोट्स लिहिणारी बाई! दुसऱ्यांदा निघाली. मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून माझ्या नोंदणीची पडताळणी यूकेला पाठवायची. त्यातच किती महिने गेले ते आठवलं तरी चिडचिड होते. लग्नानंतरच्या आडनावाने दोनदा फाईल परत आली. संगणकावरची परीक्षा, सीबीटी, ८३ पौंडांची. त्यातलं औषधाच्या डोसचं गणित मात्र आयसीयूवाल्यांना हातचा मळ.

जून २०२५ मध्ये व्हिडिओवर मुलाखत झाली आणि तिथल्या सरकारी रुग्णालयाने घेतलं. पुढच्या महिन्यात गोंधळ. २२ जुलैपासून नियम बदलले: परदेशातून नवे केअर वर्कर घेणं बंद, बहुतेक कामांना पदवीच्या पातळीचं कौशल्य हवं आणि पगार किमान ४१,७०० पौंड. आप्पांनी बातमी वाचून फोन केला, “तुझा किती हाय?” माझ्या पत्रावर ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा पास होईपर्यंत बँड ४ ही वेतनश्रेणी, म्हणजे वर्षाला २७,४८५ पौंड, आणि पास झाल्यावर बँड ५, म्हणजे ३१,०४९. दोन्ही आकडे ४१,७०० च्या खाली. रात्रभर झोप नाही.

सकाळी परत नियम उघडला. आरोग्य आणि शिक्षणातल्या ज्या नोकऱ्यांना राष्ट्रीय वेतनश्रेणी आहे, त्यांचा हिशेब निराळा: किमान २५,००० आणि त्या श्रेणीचा दर. नर्सचं काम नव्या कौशल्य-पातळीतही बसतं. आप्पांना हे समजावताना मी शेवटी म्हणाले, “एक्स्पोर्टच्या द्राक्षाचा भाव आणि बेदाण्याचा भाव एकाच पाटीवर लावत नाहीत, तसं.” ते म्हणाले, “मग आधी सांगायचं की.”

स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट ऑगस्टमध्ये आलं. मी सगळ्यात आधी कोड बघितला, मग तास, मग पगार, आणि नाव सगळ्यात शेवटी. अर्जाची फी तेव्हा ३०४ पौंड प्रत्येकी होती. आरोग्य अधिभार, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचे पैसे, आमच्या व्हिसाला माफ. मुंबईला टीबीची तपासणी, पुण्याला बोटांचे ठसे. पोरगी त्या मशीनला हात लावायला तयार नव्हती, शेवटी चॉकलेटवर मिटलं.

व्हिसा मिळाला तेव्हा नवऱ्याच्या आणि पोरीच्या पासपोर्टवर स्टिकर होता, माझ्या पासपोर्टवर काहीच नव्हतं. मुख्य अर्जदाराचा व्हिसा जुलै २०२५ पासून ऑनलाइनच मिळू लागला होता. आप्पांनी माझा पासपोर्ट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा चाळला आणि चष्मा काढून म्हणाले, “ह्या दोघांचं झालं. तुझा शिक्का कुठाय?”